भात विकायचा, नाचणी खायची

लोणावळ्याहून पुण्याकडे लोकलने निघाले की तळेगाव स्टेशन तीस किलोमीटरवर येते. एवढ्याशा अंतरात पाऊस तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर वडगाव-तळेगावच्या बाजूला तो हजार-बाराशे मिलिमीटरच्या आसपास असतो. मावळ तालुक्याची शेती या उतरणीवर बसलेली आहे. इंद्रायणी, पवना आणि आंद्रा या नद्यांच्या काठी, जिथे पाणी साठते तिथे भाताची खाचरे. त्यांच्या वर, जिथे पाणी वाहून जाते तिथे वरकस जमीन. आणि त्याहून वर डोंगराचा उतार आणि जंगल.

मावळ म्हटले की आपल्याला भात आठवतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी ही नावे शहरातल्या दुकानांत ऐकू येतात. त्यामुळे मावळचा माणूस पूर्वीपासून भातच खात आला असणार असे आपण गृहीत धरतो. गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजीला विचारले तर वेगळे उत्तर मिळण्याची शक्यता आहे. तिच्या लहानपणी रोजच्या जेवणात नाचणीची भाकरी, वरीचा भात, हुलग्याचे कालवण असे. तांदळाचा पांढरा भात सणाला, पाहुण्याला किंवा आजाऱ्याला. तिच्या नातवाच्या ताटात मात्र गव्हाची चपाती आणि तांदळाचा भात असतो. चहा तर दिवसातून तीन वेळा होतो. नाचणी दिसते ती बहुधा बाळाच्या सत्त्वात.

हा बदल कसा झाला? 'लोकांची आवड बदलली' हे सोपे उत्तर आहे. पण आवड आपोआप बदलत नाही. जमीन, पाणी, कष्ट, किंमत आणि सरकारी धोरण या सगळ्यांचा हात त्यात असतो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात लढाया आणि तह असतात, ताटाचा इतिहास सहसा नसतो. मावळच्या निमित्ताने तो पाहू.

जुनी व्यवस्था

खाचरातला भात हे रोख पैशाचे पीक होते. शेतसारा, सावकाराचे देणे, मीठ, कापड, लग्नकार्य यांसाठी पैसा लागे आणि तो भात विकून मिळे. पोटासाठी वरकस जमीन होती. तिथे पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी किंवा सावा, तिसऱ्या वर्षी कारळा म्हणजे खुरासणी, आणि मग काही वर्षे पड, असा फेर असे. खुरासणीचे तेल घाण्यावर काढून तेच खायला वापरत. भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर हरभरा, वाल, मसूर यांसारखी कडधान्ये घेत.

नाचणीला या व्यवस्थेत मानाचे स्थान होते, त्याला कारणे आहेत. ती हलक्या, उतरत्या जमिनीत येते. तिचा दाणा इतका बारीक आणि कठीण असतो की त्याला कीड सहसा लागत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते. ज्या काळात पुढच्या पावसाची खात्री नव्हती, त्या काळात कणगीतली जुनी नाचणी हाच घराचा विमा होता.

यात भर पडे ती रानाची. पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे वलगणीचे मासे, खाचरातले खेकडे, आणि आषाढ-श्रावणात कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी, चवई अशा रानभाज्या. कातकरी आणि ठाकर कुटुंबांकडे जमीन फारच थोडी किंवा मुळीच नसे. त्यांच्यासाठी रानातले कंद हे चवीचे नसून पोटाचे अन्न होते.

हे वर्णन वाचून जुना काळ सुखाचा होता असे वाटेल. तसे मानू नये. रानभाज्यांचे महिने हेच टंचाईचे महिने असत. जुने धान्य संपलेले आणि नवे अजून शेतात. या दिवसांत सावकाराकडून वाढी-दिढीने धान्य आणावे लागे. नेलेल्या धान्याच्या दीडपट धान्य सुगीला परत करायचे, असा हा व्यवहार होता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. भारतातल्या खेड्यांच्या आर्थिक पाहणीचा हा आरंभीचा प्रयत्न समजला जातो. तेव्हाचे हे खेडे आज पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे. बहुतेक कुटुंबांचे भागत नाही, हा मान यांचा निष्कर्ष होता. पुण्याजवळच्या, नदीकाठच्या गावाची ही स्थिती, तर डोंगरातल्या वाड्यांची काय असेल याचा अंदाज करता येईल.

आणखी एक गोष्ट विसरू नये. नाचणी जात्यावर दळावी लागे. वरीचे टरफल काढायला उखळ आणि मुसळ. भातही घरीच कांडायचा. हे काम पहाटे उठून बायका करीत. जुन्या ताटाची किंमत मोजताना हे तासही हिशेबात धरले पाहिजेत.

रेल्वेने काय आणले

१८५८ साली पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाटाचा अवघड टप्पा पूर्ण होऊन मुंबई-पुणे असा सलग लोहमार्ग तयार झाला. मावळचा भात आता बैलांच्या पाठीवरून न जाता डब्यातून जाऊ लागला, आणि बाहेरचा माल आत येऊ लागला.

लोणावळ्याची चिक्की हे या रेल्वेचे अपत्य आहे. मावळात भुईमूग हे काही मुख्य पीक नव्हे, ऊसही पारंपरिक नाही. चिक्कीला लागणारे शेंगदाणे आणि गूळ देशावरून येतात. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना आणि प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या गूळदाणीतून चिक्की जन्मली, असे लोणावळ्याच्या जुन्या व्यापारी घराण्यांत सांगतात. गूळ-शेंगदाणा ही जोडी श्रमिकाला सोयीची होती, कारण ती स्वस्त, टिकाऊ आणि भरपूर उष्मांकाची होती. मजुरांचा हा खाऊ पुढे सहलीहून घरी न्यायची भेट झाला. म्हणजे एखाद्या पदार्थाने गाव ओळखले जाते, तेव्हा तो पदार्थ त्या गावच्या शेतातला असतोच असे नाही.

चहाही याच वाटेने आला. १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि जमा होणाऱ्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. प्रचाराची मुख्य ठिकाणे म्हणजे रेल्वे स्थानके आणि गिरण्या. आज चहाशिवाय दिवस सुरू होत नाही, पण ही सवय जाणूनबुजून, पैसा खर्चून लावलेली आहे.

रेल्वेने माणसेही नेली. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातले तरुण मुंबईला जाऊन गिरणीत आणि गोदीत कामाला लागले. मुंबईचे डबेवाले मुख्यतः याच पट्ट्यातले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा व्यवसाय सुरू केला असे मानतात. घरचे ताजे अन्न कचेरीतल्या माणसाला वेळेवर मिळावे, म्हणून स्वतःचे घर सोडून आलेली ही माणसे. त्यांच्या मनीऑर्डरीवर गावाकडच्या घरात रोख पैसा येऊ लागला, आणि सुट्टीला गावी येताना चहापूड, साखर आणि शहराच्या चवीही त्यांच्यासोबत आल्या.

जमीन कोठे गेली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी घाटमाथ्यावरचा प्रचंड पाऊस अडवून वीज करायची योजना आखली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव झाले आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली. १९२२ साली आंदर मावळातल्या ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहाकडे वळले. शेजारच्या मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरणग्रस्तांच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांत त्याची गणना होते. तरीही धरण झाले आणि आंबेमोहोराची उत्तम खाचरे पाण्याखाली गेली. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या सुमारास पवना धरण पूर्ण झाले, त्यात पवन मावळातली गावे बुडाली.

धरणांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी खोऱ्याच्या तळाशी साठते, आणि तळाशीच सर्वांत चांगली जमीन असते. विस्थापित कुटुंब वर सरकले की त्याच्या वाट्याला हलकी जमीन येते. दुसऱ्या बाजूने, १८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगरउतारावर राखीव जंगले ठरली आणि झाडोरा जाळून, राब भाजून फिरती शेती करण्यावर बंधने आली. खालून पाणी आणि वरून जंगलाची हद्द, या दोहोंमध्ये वरकस जमीन आक्रसत गेली. वरकसाला पड ठेवायला जागा उरली नाही की ती लवकर निकस होते. नाचणीच्या पिछेहाटीचा पहिला धडा येथे आहे. तिची चव लोकांना नकोशी होण्याच्या आधी तिची जमीन कमी झाली.

रेशनचा गहू

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. तांदूळ खाणाऱ्यांना कार्डावर गहू आणि इतर धान्ये मिळू लागली.

स्वातंत्र्यानंतरही धान्याची तूट संपली नाही. १९५४ साली अमेरिकेने केलेल्या 'पी.एल. ४८०' या कायद्याखाली भारताला गहू मिळू लागला. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला, आणि १९६६ साली देशात सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. गव्हासोबत लाल ज्वारीही आली. तिला लोक 'मायलो' म्हणत आणि नाक मुरडून खात. १९७२ च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळात पुन्हा तीच ज्वारी आली, आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. मावळात पाऊस इतर भागांपेक्षा बरा असला, तरी रेशनच्या दुकानातली पोती सगळीकडे सारखीच होती.

त्याच सुमारास हरितक्रांती झाली. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले गेले. पंजाब-हरियाणात गव्हाचे उत्पादन झपाट्याने वाढले. सरकार हमीभावाने गहू आणि तांदूळ घेऊ लागले, आणि जे घेतले तेच रेशनवर आले. नाचणी-वरी कोणी हमीने घेत नव्हते, त्यामुळे ती दुकानात येण्याचा प्रश्नच नव्हता. अशा रीतीने जिथे गहू फारसा पिकत नव्हता त्या मावळात चपाती रुजली. आधी ती पाहुण्यांसाठी होती. नंतर मुलांच्या डब्यात गेली आणि मग रोजची झाली. पांढरे ते प्रतिष्ठेचे आणि काळे ते गरिबीचे, ही भावनाही या काळात पक्की होत गेली. काळी भाकरी डब्यात नेणाऱ्या मुलाला वर्गात चिडवले जाते, हे अनेक शिक्षकांनी पाहिले असेल.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिना पाच किलो धान्य. सुरुवातीची अनेक वर्षे त्यात तीन किलो गहू दोन रुपये दराने आणि दोन किलो तांदूळ तीन रुपये दराने मिळे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. उपासमार टाळण्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे. मात्र घरात फुकटचा गहू असताना कष्टाची नाचणी लावण्याचे कारण शेतकऱ्याला उरत नाही, हेही तितकेच खरे. कर्नाटक सरकार हमीभावाने नाचणी खरेदी करते आणि राज्याच्या दक्षिण भागात ती रेशनवर देते. तिथे नाचणीचे मुद्दे आजही रोजचे अन्न आहेत. दोन शेजारी राज्यांतला हा फरक आवडीपेक्षा धोरणाने पडलेला आहे.

इंद्रायणीची गोष्ट

आता भाताकडे वळू. आंबेमोहोर हा उंच वाढणारा भात. आंब्याच्या मोहोरासारखा वास म्हणून हे नाव. खत जास्त दिले की रोप आणखी उंच होई आणि लोंबीच्या भाराने आडवे पडे. त्यामुळे उत्पन्न वाढवायला मर्यादा होती. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली 'आय.आर. ८' ही बुटकी जात प्रसारित केली. तिचा बुटकेपणा तैवानच्या एका जातीकडून आला होता. रोपाची उंची वाढवणारे जिबरेलिन हे संप्रेरक त्या जातीत कमी तयार होते. बुटके रोप खत पचवते, पडत नाही, आणि दाण्याकडे अधिक शक्ती वळवते. पण आय.आर. ८ ला वास नव्हता आणि त्याचा भातही लोकांना रुचला नाही.

मावळातल्या वडगाव येथील कृषी संशोधन केंद्रात 'आंबेमोहोर १५७' आणि 'आय.आर. ८' यांचा संकर करून इंद्रायणी ही जात तयार झाली. १९८७ साली ती प्रसारित झाली. हेक्टरी ४० ते ४५ क्विंटल उत्पन्न, मऊ भात आणि मंद सुवास. तिचे उत्पन्न आंबेमोहोराच्या दुपटीच्या आसपास. काही वर्षांत तिने मावळची खाचरे व्यापली.

सुगंधी भाताच्या वासामागे '२-अॅसिटिल-१-पायरोलिन' हे संयुग असते. आपण साध्या तांदळाच्या भातात आंबेमोहोराचे म्हणून जे लांब हिरवे पान टाकतो, त्या केवड्याच्या कुळातल्या पानातही हेच संयुग आहे. भाताच्या बहुतेक सुगंधी जातींत एक जनुक निकामी झालेले असते. ते काम करीत असले तर हे संयुग साठत नाही. म्हणजे वास हा गुण अप्रभावी आहे. सुगंधी आणि बिनवासाच्या भाताचा संकर केला तर पहिल्या पिढीत वास दिसणार नाही, दुसऱ्या पिढीत सुमारे एक चतुर्थांश रोपांत तो परत येईल. मेंडेलचे वाटाणे शिकवताना इंद्रायणीचे उदाहरण मुलांना जास्त जवळचे वाटेल.

इंद्रायणीमुळे दोन गोष्टी झाल्या. लहान शेतकऱ्याच्या खाचरातही घरखर्चापुरता भात निघू लागला, आणि तांदूळ सणाचा न राहता रोजचा झाला. ही मोठी प्राप्ती आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मेहनत, खत आणि लक्ष सगळे खाचराकडे गेले. भाताची आणि नाचणीची लावणी एकाच वेळी, जुलैत येते. घरातली तरुण माणसे तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत किंवा लोणावळ्याच्या हॉटेलांत कामाला गेल्यावर दोन्ही लावण्या उरकणे अशक्य होते. मग वरची नाचणी सुटते. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाल्यावर उताराच्या जमिनीला बंगल्यांसाठी भाव आला, आणि पवन मावळात गुलाबाची हरितगृहे उभी राहिली. नाचणीच्या एका हंगामाची तुलना या पैशाशी होऊ शकत नाही.

गिरणी आणि जीवनसत्त्व

भात भरडायची आणि दळणाची गिरणी गावोगाव आली, तेव्हा बायकांचे रोजचे काही तास वाचले. हा फायदा कुठल्याही पोषणतक्त्यात दिसत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवायला हवा.

पण गिरणी तांदळाला पांढरा करताना कोंड्याचा थर काढून टाकते, आणि 'ब १' जीवनसत्त्व म्हणजे थायमिन मुख्यतः त्याच थरात असते. डच वैद्य आइकमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जावा बेटावर कोंबड्यांवर प्रयोग करून पॉलिशचा तांदूळ आणि बेरीबेरीसारखा रोग यांचा संबंध दाखवला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम हातसडीच्या तांदळात ०.२१ मिलिग्रॅम थायमिन असते, तर गिरणीच्या पांढऱ्या तांदळात ०.०६. उकड्या तांदळात उकडताना थायमिन आत दाण्यात शिरते, म्हणून तो गिरणीतून काढला तरी बरेचसे टिकते. कोकणात उकडा तांदूळ खातात, मावळात मात्र ती चाल फारशी नाही.

आता याच तक्त्यांतले कॅल्शियम पाहा. शंभर ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम, गव्हाच्या पिठात ४८ आणि पांढऱ्या तांदळात १०. नाचणीतले सगळेच कॅल्शियम शरीराला मिळते असे नाही, कारण तिच्यातले फायटेट आणि टॅनिन शोषणात अडथळा आणतात. मोड आणल्यावर हा अडथळा कमी होतो. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करण्याची आपल्याकडची पद्धत रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. ज्या कुटुंबाला दूध परवडत नव्हते, त्याच्या हाडांचे काम काही अंशी ही भाकरी करीत होती.

देशाचे ताट

मावळात घडले ते थोड्याफार फरकाने देशभर घडले. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९७२-७३ साली ग्रामीण भारतात माणशी महिना सुमारे १५ किलो धान्य खाल्ले जाई. १९९३-९४ साली ते १३.४ किलो झाले, २०११-१२ साली ११.२ आणि २०२२-२३ साली ९.६ किलो. खेड्यातल्या एकूण घरखर्चात अन्नावरचा वाटा १९७२-७३ साली सुमारे ७३ टक्के होता, तो २०२२-२३ साली ४६ टक्क्यांवर आला. पाहणीच्या पद्धती मधल्या काळात बदलल्या आहेत, म्हणून या आकड्यांची तुलना थोडी जपून करावी. पण दिशा स्पष्ट आहे. देशातले नाचणीचे क्षेत्रही १९५० च्या दशकात २० लाख हेक्टरांहून अधिक होते, ते आता सुमारे निम्मे राहिले आहे.

धान्य कमी खाणे म्हणजे उपासमार वाढणे का? अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ या अर्थतज्ज्ञांनी २००९ साली या प्रश्नाचा विचार केला. श्रमाची कामे कमी झाली आणि पाणी-आरोग्याच्या सोयी सुधारल्या, म्हणून उष्मांकांची गरज घटली असावी, असे त्यांनी सुचवले. डोक्यावरून पाणी आणणारी, जात्यावर दळणारी बाई आणि नळ-गिरणी असलेली बाई यांची भूक सारखी नसते.

धान्याची जागा कशाने घेतली? काही अंशी दुधाने. देशाचे दूध उत्पादन १९५०-५१ साली १ कोटी ७० लाख टन होते, ते २०२३-२४ साली सुमारे २३ कोटी ९० लाख टन झाले. १९७० साली सुरू झालेल्या 'दुधाचा महापूर' योजनेचा त्यात मोठा वाटा आहे. काही अंशी तेलाने. घाण्याच्या खुरासणी तेलाची जागा आधी शेंगदाणा तेलाने आणि वनस्पती तुपाने घेतली. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाल्यावर स्वस्त तेल सगळीकडे पोचले. आज देशात खाल्ल्या जाणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. लोणावळ्याच्या घाटातला वडा ज्या तेलात तळला जातो, त्यात इंडोनेशियाच्या पाम वृक्षाचा अंश असू शकतो.

परिणाम दुहेरी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के बालके वयाच्या मानाने ठेंगणी आढळली आणि ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. दुसऱ्या बाजूला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. कुपोषण आणि अतिपोषण एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात दिसते. पोट भरण्याचा प्रश्न बराचसा सुटला, पण ताटात काय असावे हा प्रश्न सुटलेला नाही.

वर्गात काय करता येईल

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. द्रुतगती महामार्गावरच्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आकर्षक पुड्यांत मिळू लागली. पण ती विकत घेणारा आणि पूर्वी नाचणी पिकवणारा या दोघांत मोठे अंतर आहे. वरीचे बियाणे राखणारी, राब भाजायची वेळ ओळखणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. हे ज्ञान कुठे लिहिलेले नाही.

आठवी ते बारावीच्या मुलांना यावर एक छोटी पाहणी देता येईल. प्रत्येक मुलाने आपल्या घरात किंवा शेजारी तीन पिढ्यांच्या माणसांना विचारावे: तुम्ही दहा वर्षांचे असताना सकाळ-संध्याकाळ काय खात होता? त्यातले काय शेतातले होते, काय रानातले आणि काय विकतचे? वर्षातले कोणते महिने टंचाईचे असत? दळण-कांडणाला किती वेळ लागे आणि ते कोण करी? ज्यांची जमीन नव्हती अशा घरांनाही हे प्रश्न आवर्जून विचारावेत, नाहीतर निष्कर्ष फक्त बागायतदारांचा निघेल. उत्तरे एका तक्त्यात मांडावीत आणि पोषणतक्ता घेऊन प्रत्येक पिढीच्या दिवसभराच्या जेवणातले प्रथिन, कॅल्शियम आणि उष्मांक मुलांकडून काढून घ्यावेत. आठवणीत सण जास्त राहतात आणि रोजचे जेवण कमी, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आणखी एक प्रश्न जोडावा. तुमच्या खाचरातला तांदूळ किती विकला जातो आणि घरात कोणता तांदूळ शिजतो? पूर्वी मावळात भात विकायचा आणि नाचणी खायची अशी रीत होती. आज काही घरांत इंद्रायणी विकायचा आणि रेशनचा तांदूळ खायचा अशी रीत झाली आहे का? किती घरांत? याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, ते तुमच्या वर्गातल्या चाळीस मुलांच्या घरी आहे.